न फोडलेले कॅट

१

मी पत्ते बघते. कुणी अशी ओळख करून दिली की समोरचा माणूस हात पुढे करतो, त्याला वाटतं मी भविष्य सांगणार. मग मला समजावून सांगावं लागतं की मी एका लिलावघरात कागदी वस्तूंच्या विभागात आहे. जुनी तिकिटं, नकाशे, जाहिराती विकायला येतात, त्यात पत्त्यांचे कॅट असले की ते माझ्या टेबलावर पाठवतात. खरा की नकली, पूर्ण की अपुरा, केव्हाचा, कुठल्या कारखान्याचा, एवढं मी लिहून देते. बावीस वर्षं झाली.

जुना म्हणजे मोलाचा, असा लोकांचा समज असतो. तसं नसतं. घरोघरी माळ्यावर शंभर वर्षांचे कॅट पडलेले असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. आधी बघायचं ते सील: झाकणावरची कागदी पट्टी, कराचं तिकीट, वरचा जिलेटिनचा कागद. मग इस्पिकचा एक्का, कारण कारखान्याची खूण त्याच्यावर असते. कारखाना बंद पडलेला असेल तर उत्तम. छापताना काही चूक होऊन माल मागे घेतला असेल आणि दोन-चार कॅट तेवढे सुटले असतील तर फारच उत्तम.

गिऱ्हाइकं दोन जातींची. एक संग्राहक, दुसरे जादूगार. जादूगाराला जुन्या कारखान्याचा कागद हवा असतो. तो कागद दाबून तयार केलेला, पान वाकवलं की परत सरळ होतं; वर कापडाच्या विणीसारखे बारीक खळगे असतात, म्हणून पान पानावरून पाण्यासारखं सरकतं. कारखान्यात पानं कुठल्या बाजूने कापली यावरसुद्धा त्यांची भांडणं होतात. तेव्हा एकाच कॅटवर दोघं बोली लावतात. संग्राहकाला तो न फोडलेला हवा असतो आणि जादूगाराला फोडायला हवा असतो.

माझा भाऊ जादूगार होता. हे सगळं सुरू होण्याच्या पाच महिने आधी तो गेला. दुपारी सरावाला बसला होता, तिथेच. मी रडले नाही. लोक म्हणाले, घट्ट मनाची आहे. तसं काही नव्हतं. दात काढण्याआधी सुई टोचतात तेव्हा गाल आपला राहत नाही, आतून चावला तरी कळत नाही. तसं झालं होतं, आणि उतरतच नव्हतं.

२

दादाच्या घरी मागच्या खोलीत भिंतभर कपाट होतं आणि त्यात न फोडलेले कॅट होते. आयुष्यभर जमवलेले. मी त्याला विचारायची, तू तर वापरणारा माणूस, मग हे कशाला असे पुरून ठेवतोस? तो म्हणायचा, म्हातारपणी फोडीन, एकेक.

वहिनींना ते घर आता परवडणार नव्हतं. त्या त्यांच्या बहिणीकडे एका खोलीत राहायला जाणार होत्या, आणि हे कपाट विकूनच पुढचं सगळं व्हायचं होतं. मी ऑफिसात सांगून रोज दुपारी दोन ते पाच त्यांच्याकडे जायला लागले. तिसरा मजला, लिफ्ट अर्ध्या वेळा बंद. खोलीत एक खिडकी, समोरच्या इमारतीची मागची बाजू, वाळत घातलेले कपडे. मी टेबलावर काटा मांडायची, भिंग, पांढरे हातमोजे, वही. एक कॅट काढायचा, सील बघायचं, वजन करायचं, लिहायचं, ठेवायचा. वजन एवढ्यासाठी की न फोडता आतली पानं पूर्ण आहेत का हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. खोक्यासकट कॅट साधारण पंचाण्णव ग्रॅम भरतो. एक पान पावणेदोन ग्रॅम.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट मला विचित्र वाटली. घरात फोडलेला कॅट एकही नव्हता. दादाच्या प्रत्येक खिशात एक असायचा. उशीखाली, फ्रिजवर, वहिनींच्या मसाल्याच्या डब्यांमागे. एकदा तर पावाच्या पिशवीत निघाला होता. वहिनी चहा घेऊन दाराशी आल्या तेव्हा मी विचारलं, जुने कुठे गेले? त्या म्हणाल्या, संपले.

मला वाटलं, देऊन टाकले असतील. बोलण्याचा त्यांनाही कंटाळा आला असेल. माणूस गेल्यावर शब्द जरा इकडेतिकडे होतात.

३

दुसऱ्या आठवड्यात मी एका खोक्यापाशी आले, त्यात एकाच छापाचे बारा कॅट होते, लाल पाठीचे. ते सगळे मी आदल्या दिवशी तपासले होते, पण कराच्या तिकिटाचा क्रमांक लिहायचा राहिला होता म्हणून पुन्हा काढले. काटा समोर होता, सवयीने वजन केलं. अकरा कॅट आदल्या दिवसाइतके भरले. बाराव्याचं वजन वहीत चौऱ्याण्णव पूर्णांक आठ होतं. काट्यावर त्र्याण्णव पूर्णांक एक आलं.

मी तो भिंगाखाली उलटसुलट केला. जिलेटिन तसंच, कडा कारखान्यात डकवलेल्या तशाच. कागदी पट्टीवर घडीचीसुद्धा खूण नव्हती.

वहीत लिहिताना चूक झाली असेल, असं म्हणून मी आकडा खोडला. दुसऱ्या दिवशी तोच कॅट एक्याण्णव पूर्णांक तीन होता आणि त्याच्या शेजारचा त्र्याण्णवच्या खाली आला होता.

४

माझा काम करण्याचा एक शिरस्ता आहे. काही जुळेना की आधी काटा तपासायचा, मग माल, मग माणसं, आणि शेवटी स्वतःला. काटा बरोबर होता, पितळी वजन ठेवून पाहिलं.

छापखान्यात आयुष्य गेलेले एक काका माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, कागद श्वास घेतो. दमट हवेत जड होतो, कोरड्यात हलका. गठ्ठ्यामागे ग्रॅम-दीड ग्रॅम कुठे जातो ते देवालाही कळत नाही. मला खूप बरं वाटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की श्वास घेणारा कागद पावणेदोन ग्रॅमच्या पायऱ्यांनी कशाला उतरेल?

मग दादा. जिलेटिन उकलून, पानं काढून, पुन्हा कारखान्यासारखं डकवणं ही जादूगारांची जुनी विद्या आहे आणि दादाचा त्यात हातखंडा होता. त्यानेच आधी कधीतरी पानं काढली असतील. हे पटण्यासारखं होतं, फक्त वहीत सोमवारचं वजन होतं आणि सोमवारी दादाला जाऊन पाच महिने झाले होते.

मग वहिनी. पण वहिनींना ती विद्या येत नव्हती. दादाने त्यांना एकही जादू कधी शिकवली नाही, ह्याचा त्यांना राग होता. रोज दुपारी तीनला तो सरावाला बसे आणि समोर वहिनींना बसवी. त्यांनी एक पान मनात धरून परत ठेवायचं आणि त्याने ते काढायचं. तीस वर्षं. त्याचं पान कधी चुकलं नाही आणि तो ते कसं काढतो हे त्याने कधी सांगितलं नाही. वहिनी म्हणायच्या, माझ्याशी लग्न केलं की प्रेक्षकाशी, कळत नाही.

शेवटी मी लाल पाठीचा एक कॅट पर्समध्ये घालून ऑफिसात नेला आणि खणात कुलूप लावून ठेवला. चार दिवस त्याचं वजन केसभरही हललं नाही. त्या चार दिवसांत घरातले सात कॅट उतरले.

हे सगळं मी वहीत व्यवस्थित लिहीत होते. भीती वाटायला हवी होती, एवढं मला समजत होतं.

५

त्यानंतर मला आवाज ऐकू आला. खरं तर तो पहिल्या दिवसापासून येत असणार, पण ज्या घरात आपण वर्षानुवर्षं जातो तिथले आवाज कान मोजत नाही. दादा पत्ते पिसायचा तेव्हा दोन ढीग एकमेकांत फडफडत मिसळायचे आणि मग हातात वाकून एकदम सरळ व्हायचे. लहानपणी आमच्या जुन्या घरी अंगणात कबुतरं उडाली की मी आतून विचारायची, दादा आला का?

तीन वाजून गेले होते. मी भिंग खाली ठेवलं. फडफड, मग सरळ होणं, मग टेबलावर हलकेच टेकवल्याची टक्. थोडा वेळ काही नाही. मग वहिनींचा आवाज, एकच शब्द, मला कळला नाही. मग पुन्हा फडफड.

मी हातमोजे तसेच ठेवून पुढच्या खोलीकडे गेले. दार अर्धं उघडं होतं. वहिनी सरावाच्या टेबलाशी पाठ ताठ करून बसल्या होत्या. दोन्ही हात मांडीवर. टेबलावर दादाचं हिरवं कापड होतं आणि कापडावर पत्त्यांचा लहानसा ढीग. समोरची खुर्ची टेबलापासून जरा मागे होती, माणूस बसतो तेवढी.

पायाखालची फळी करकरली आणि आवाज थांबला. वहिनींनी मान वळवली. मी पाणी प्यायला आले म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, माठात आहे.

मी पाणी प्यायले. ग्लास धुऊन ठेवला. परत जाऊन तीन कॅट तपासले.

६

संग्रहातला सगळ्यात दुर्मीळ कॅट एका जहाज कंपनीचा होता. ती कंपनी एकाच फेरीनंतर बंद पडली. प्रवाशांना वाटायला छापलेले पत्ते बहुतेक लगद्यात गेले. निळी पाठ, मधोमध नांगर. न फोडलेला दुसरा कुणी पाहिल्याचं मला माहीत नाही. तो एकटा विकला गेला तरी वहिनींची काळजी मिटणार होती. तो पूर्ण आणि सीलबंद आहे, असं माझ्या सहीचं पत्र मी पहिल्याच आठवड्यात देऊन बसले होते, आणि त्यानंतर तो पुन्हा काट्यावर ठेवला नव्हता.

तो घ्यायला एक निवृत्त घड्याळजी आले. आमच्या धंद्यात सगळे त्यांना घड्याळवालेच म्हणतात. शांत माणूस. माझ्या पत्रावर आजवर त्यांनी डोळे मिटून कॅट घेतले होते. सकाळी अकराला वहिनींच्या पुढच्या खोलीत बसून त्यांनी स्वतःचे हातमोजे घातले, सील पाहिलं, मान डोलावली. मग खोका कानाशी नेला आणि बोटाने हलकेच हलवला.

न फोडलेल्या कॅटचा आवाज येत नाही. पानं इतकी गच्च असतात की तो विटेसारखा असतो. ह्याच्यात काहीतरी खुळखुळलं. कशाशी तुलना करू? काड्यापेटीत दोन-तीन काड्या उरल्या असाव्यात तसं.

घड्याळवाल्यांनी पुन्हा हलवला नाही. खोका टेबलावर ठेवला, हातमोजे एकेक बोट ओढून काढले. "आत पानं नाहीत, बाई," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. वहिनींनी केलेला चहा त्यांनी अर्धाच प्यायला, ह्या वयात जिने झेपत नाहीत असं काहीतरी बोलले आणि गेले. दोन वाजेपर्यंत ऑफिसातून फोन आला. साहेबांनी मला काही दिवस विश्रांती घ्यायला सांगितलं. दुःखात माणसाचं लक्ष उडतं, ते म्हणाले, समजू शकतो आम्ही.

बावीस वर्षं गेली, हे मी मनाशी म्हणून पाहिलं. दुसऱ्या कुणाचं तरी गेल्यासारखं वाटलं.

७

तीन वाजता मी पुढच्या खोलीत गेले आणि ह्या वेळी दारात थांबले नाही. वहिनी बसलेल्या होत्या. हिरव्या कापडावर पत्ते होते, वेगवेगळ्या पाठींचे, खिचडी झालेले. वरच निळ्या पाठीची तीन पानं होती. नांगर.

मी एक उचललं. जहाज कंपनीचा कॅट गेली सत्तर वर्षं न फोडलेला होता. पान करकरीत असायला हवं होतं. ते जुन्या रुमालासारखं मऊ होतं. कडा पिंजलेल्या, कोपरे गोल. उलटून पाहिलं तर चित्र पुसट झालेलं, अंदाजाने ओळखावं असं.

वहिनींनी खालून बुटांचं एक खोकं ओढून मला दाखवलं. त्यात शेकडो पानं होती, आणि खालच्या थरातली पार पांढरी. झिजून झिजून छपाई निघून गेली होती.

"फोडलेले आधी संपले," त्या म्हणाल्या. "हाताला लागेनाशी झाली की तो दुसरी घेतो. कुठून घेतो ते मला विचारू नकोस. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

मी खुर्ची ओढून बसले. वहिनींनी मग शांतपणे सांगितलं. तो गेल्यावर वीसेक दिवसांनी त्या सवयीने तीनला टेबलाशी येऊन बसल्या. दुसरं काय करावं हे सुचत नव्हतं. आणि आवाज आला. पानं पुढे पसरली गेली. त्यांनी एक घेतलं, बघून ठेवलं. पिसल्याचा आवाज झाला आणि एक पान पुढे सरकलं. त्यांचंच होतं. तेव्हापासून रोज.

मी विचारलं, आणि रोज बरोबर येतं?

"एकदाही चुकला नाही."

"मग तुम्ही दर वेळी काय म्हणत असता त्याला? मला आतून ऐकू येतं."

वहिनी बुटांच्या खोक्याचं झाकण लावत होत्या. त्यांनी ते नीट बसवलं.

"बरोबर आलं म्हटलं की तो उठायचा," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं तेच. बरोबर आलं की कॅट ठेवायचा, उठायचा आणि चहा मागायचा. म्हणून मी नाही म्हणते."

८

हे थांबवायला हवं, असं मी ठरवलं. त्यात मोठेपणा काही नव्हता. काटा बिघडला की दुरुस्त करावा तसं. त्याने आयुष्यभर एकदाही न चुकलेलं काम केलं होतं आणि आता त्याला रोज दुपारी सांगितलं जात होतं की चुकलास. मी वहिनींना म्हटलं, उद्या मी बसते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मला वाटलं नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, बस.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खुर्चीवर बसले, त्या शेजारी. तीनला आवाज सुरू झाला. मी कापडाकडे बघत होते आणि तरी मला काही दिसलं नाही. पापणी लवण्याआधी ढीग होता, नंतर पानं पंख्यासारखी पसरलेली होती. मी एक घेतलं. किलवर पंजी. परत सरकवलं. पंखा मिटला, फडफड झाली. हवा जराशी हलली, कुणी वही चाळताना हलते तेवढी. टक्.

पान पुढे आलं. सरकताना मधोमध किंचित वाकलं होतं, बोटाने दाबून पुढे ढकलतात तसं. किलवर पंजी.

आता फक्त हो म्हणायचं होतं. समोरची खुर्ची थोडी मागे होती. ती आणखी सरकेल, मग काही नसेल. उद्या तीनला नसेल, परवा नसेल. मी तोंड उघडलं. वहिनी माझ्याकडे बघत नव्हत्या, कापडाकडे बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं.

दादा गेल्यापासून त्याच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द. पुन्हा फडफड सुरू झाली, मला वाटलं, जरा घाईने.

९

पुढचे दोन महिने मी रोज गेले. लिलावघरातून पत्र आलं, ते मी उघडलं नाही. वहिनींच्या बहिणीने खोली रंगवून ठेवली होती. वहिनी तिला दर आठवड्याला पुढच्या आठवड्याचं सांगत. कपाटातले कॅट मी आता काट्यावर ठेवत नसे. हातात घेतला की कळायचं. सीलबंद, चकचकीत, आणि आत काही नाही.

कशाचीही सवय होते. पहिले काही दिवस आम्ही श्वास रोखून बसायचो. नंतर वहिनी मटार सोलायला घेऊन बसू लागल्या. मी मोजे शिवायची. पानं पसरली की जिची पाळी असेल तिने एक घ्यायचं, बघितल्यासारखं करायचं, परत ठेवायचं. पान पुढे आलं की नाही म्हणायचं. कधी कधी तिकडे न बघताच. भाजी महाग झाली, खालच्या मजल्यावरच्यांनी पाणी सोडून ठेवलं होतं, असं बोलता बोलता मध्येच नाही, आणि पुढे चालू. पाच वाजता आवाज आपोआप थांबायचा आणि आम्ही दिवा लावायचो.

मी सुखी होते असं म्हणणार नाही. पण दुपारी तीन ते पाच कुठे जायचं, हे मला ठाऊक होतं.

१०

त्या मंगळवारी माझी पाळी होती. का कोण जाणे, मी पान नीट पाहिलं. चौकट सत्ती. ठेवून दिलं. पिसून झालं, टक् झालं, आणि पान पुढे आलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि नजर खाली गेली.

बदाम राणी.

वहिनी मटार सोलत होत्या. मी काही बोलत नाही हे कळून त्यांचे हात थांबले. कधी नव्हे ते 'नाही' हेच खरं उत्तर होतं, आणि ते मला देता येईना. टेबलाच्या पलीकडे दादाला बक्षीस मिळालेल्या ढालींचं काचेचं कपाट आहे. मान वर केली तेव्हा काचेत टेबलाची पलीकडची कड दिसली, हिरवं कापड दिसलं, आणि उरलेला कॅट ज्यात धरलेला होता तेही दिसलं. बोटं होती. मी मोजली नाहीत.

मी नजर खाली आणली. राणी तिथेच होती. मला वाटतं, मी फक्त थकले होते. पत्ते पुन्हा पिसले जाऊ नयेत एवढंच मला हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "हेच."

खुर्ची सरकली नाही. कुणी उठलं नाही. पत्ते खाली ठेवल्याचा आवाज झाला नाही. काहीतरी समोर बसून राहिलं आणि आम्ही त्याच्यासमोर बसून राहिलो, पाच वाजेपर्यंत.

मग वहिनींनी दिवा लावला आणि विचारलं, तुझं कुठलं होतं? मी कापडावरची पानं उलटत गेले, चौकट सत्ती सापडली, ती राणीशेजारी ठेवली. वहिनींनी दोन्ही पानं बराच वेळ पाहिली.

"त्याचं चुकत नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माहीत आहे.

"मग कधीपासून?"

मी आठवायचा प्रयत्न केला. काल वहिनींची पाळी होती. त्यांनी पान कुठलं घेतलं होतं ते त्यांना आठवेना. परवा माझी. त्याच्या आधी त्यांची. आम्ही मागे मागे जात राहिलो आणि दोघींनी स्वतःचं पान आणि पुढे आलेलं पान शेजारी ठेवून पाहिल्याचा एक दिवस शोधत राहिलो. दादाला आम्ही इतक्यांदा नाही म्हटलं होतं. त्यातल्या कुठल्या तरी दुपारी तो उठून गेला असणार, हळूच, चहा न मागता. त्याच्या खुर्चीत त्यानंतर कोण येऊन बसलं आणि आम्ही कुणाशी गप्पा मारत मटार सोलले, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

मी त्या दिवशी घरी गेले नाही. वहिनींनी अंथरूण घातलं. आम्ही झोपलो, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चला, बहिणीकडे सोडते तुम्हाला. बॅग भरू या. त्या म्हणाल्या, भरू. आम्ही साड्या काढल्या, दोन भांडी काढली. जेवण झालं. बॅगेची चेन लागत नव्हती, मी गुडघा टेकून ती लावली. पावणेतीन झाले होते, रिक्षा बोलवायची होती.

तीन वाजता पुढच्या खोलीत फडफड सुरू झाली. काल हो म्हटलं होतं म्हणून असेल, आवाज आज मोकळा होता, घरच्या माणसासारखा. पिसून झालं. टक्. मग शांतता, कुणी वाट बघत असल्यासारखी.

मी बॅगेच्या मुठीला हात घातला. वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या.

"जायचं आणि मग तिथे तीन वाजता काय करायचं?" त्यांनी विचारलं.

मी बॅगेची मूठ सोडली. थोड्या वेळाने त्या उठल्या. त्यांच्या मागून मीही गेले. पानं पसरलेली होती, आणि टेबलाशी आमच्या दोन्ही खुर्च्या कुणीतरी आधीच ओढून ठेवल्या होत्या.